खळकाकू आणि घड्याळजींचे पक्षी

"खळीनं धरावं, पण आवळू नये," असं खळकाकू एकदा म्हणाल्या होत्या.

भिंतींना कागद लावण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. काम सासऱ्यांनी शिकवलं. पोटच्या मुलाला त्यात गोडी नव्हती, म्हणून त्यांनी सुनेच्या हाती ब्रश दिला. काकूंचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत. कोपरापर्यंत पांढरे हात, कमरेला कात्री, आणि कोणी घाई केली की एकच उत्तर: "दहा मिनिटं."

त्या दिवशी दुपारी बाराला घड्याळजी त्यांच्या दारात उभे राहिले. कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस जन्मात कधी धावला नव्हता. आता धापा टाकत होता.

"काकू, चारला ही घरी येतेय. काल डोळ्यांची पट्टी काढली. दोन वर्षांनी तिला नीट दिसणार, आणि मी भिंतीची पार वाट लावलीय."

काकू गेल्या. पलंगामागची भिंत, पाच पट्ट्यांची. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, त्यावर करंगळीएवढे निळे पक्षी. पहिली पट्टी घड्याळजींनी सकाळी स्वतः लावली होती. कडा ओळंब्याच्या दोरीला लाजवतील इतक्या सरळ. काकू चार पावलं मागे सरल्या.

"घड्याळजी, तुमचे पक्षी पाठीवर उडतायत."

ते डोळ्याला भिंग लावून कडाच जुळवत बसले होते. मागे सरून भिंत बघायची राहूनच गेली होती. कागदवाल्याच्या दुकानातला तो शेवटचा कागद होता.

काकूंनी खळीचा डबा हुंगला. "ही कोणी दिली?"

"मीच मागितली. सगळ्यात मजबूत."

"ही जाड प्लॅस्टिकच्या कागदाची. चिमणीच्या पायाला म्हशीचं दावं बांधलंत तुम्ही."

नशीब एवढंच की भिंत तेलरंगाची होती आणि तिच्यावर तेवढी जाड खळ अजून वाळली नव्हती. काकूंनी कोमट पाण्यात स्पंज भिजवून पट्टीवर हलके टेकवला, पुन्हा टेकवला आणि खाली बसल्या.

"आता?"

"दहा मिनिटं."

मग त्यांनी खालच्या कोपऱ्यात नख घातलं. पट्टी बोटाबोटानं सुटत आली. घड्याळजींनी श्वास रोखला होता. शेवटी वरच्या टोकाचा तुकडा भिंतीलाच राहिला, तळहाताएवढा. "पट्टी सुलटी केली की ते टोक खाली, पलंगाआड जाईल," काकू म्हणाल्या, आणि घड्याळजी दिसेल त्या खुर्चीत टेकले.

काकूंनी भिंत धुतली, पॉलिश पेपरनं तिची चकाकी मोडली. गार पाण्यात खळीची भुकटी चिमटीचिमटीनं सोडत ढवळली, मुरू दिली, पुन्हा ढवळली, फडक्यातून गाळली. ब्रश उचलला की थेंब ताकासारखा घरंगळला पाहिजे. पहिल्यांदा घरंगळला नाही. त्यांनी अर्धी वाटी पाणी वाढवलं. तीच खळ आणखी पातळ करून भिंतीवर एक हात दिला, म्हणजे भिंत कागदाची ओल पिऊन टाकणार नाही. मग प्रत्येक पट्टीला मधून कडांकडे खळ लावायची, घडी घालायची, आणि थांबायचं. कागद ओला झाला की पसरतो. त्याला टेबलावरच पसरू द्यायचं, नाहीतर भिंतीवर पसरतो आणि फुगे येतात.

"तीन वाजून गेले, काकू."

"दुकानात एवढी घड्याळं आहेत. त्यातलं एखादं मागे असेल, ते बघा."

घड्याळजी हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

पाचवी पट्टी ब्रशनं सपाट होत होती तेव्हाच जिन्यावर पावलं वाजली. भावाचा हात धरून ती आली. उंबऱ्यात तिनं तो हात सोडला, सरळ भिंतीपाशी गेली आणि नाक कागदाला लागेल इतकी वाकली.

"अहो, याला चोच आहे."

"सगळ्यांनाच आहे," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

"थांबा, मला बघू दे." ती एकेका पक्ष्यावरून बोट फिरवत गेली, कागदाला न शिवता. "कोणी लावला?"

"काकूंनी. मी लावला तेव्हा सगळे उलटे होते."

"बरं झालं काढलात. मला वाटलं असतं, डॉक्टरांनी डोळेच उलटे बसवले."

ती हसायला लागली, मग घड्याळजी, मग दारातला भाऊ. हसता हसता तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. "केस केवढे पिकलेत तुमचे," ती म्हणाली.

काकूंनी ब्रश फडक्यात गुंडाळला, बादली उचलली, चपला हातात घेतल्या आणि दाराबाहेर पडल्या.