ऐंशी जीबी म्हणजे किती स्क्वेअर फूट?

मरोळच्या आमच्या इंटिरिअर डिझाईनच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं. लॅपटॉप भरले की फाइली क्लाउडवर चढवायच्या आणि खालची जागा रिकामी करायची. एवढ्या सरळ कामातून लोक इतके किस्से कसे तयार करतात, देव जाणे! चहाला बसलं की एकातून दुसरा निघतोच.

*

आमचे प्रधान सर डिझायनर म्हणून झकास, पण कॉम्प्युटर म्हटलं की गडबड. त्यांचा लॅपटॉप पहिल्यांदा साफ केला तेव्हा मी जवळजवळ उड्या मारतच केबिनमध्ये गेले. "सर, ऐंशी जीबी जागा झाली!"

सरांनी चष्मा वर केला. "म्हणजे किती स्क्वेअर फूट?"

*

पार्ल्याच्या सुलभाताई ऑफिसचा पत्रव्यवहार बघतात. त्यांना मी दहा वेळा सांगितलं होतं, "'फ्री अप स्पेस' करायचं, म्हणजे फाइल वर राहते. डिलीट केलंत तर फाइल सगळ्यांकडूनच जाते."

एका सकाळी ऑफिसात बोंब! वांद्र्याच्या फ्लॅटची ड्रॉइंग्ज प्रत्येकाच्या स्क्रीनवरून एकेक करून गायब होतायत, आणि क्लाएंट बारा वाजता येणार. मी धावत ताईंच्या टेबलाशी गेले. ताई शांतपणे डिलीट दाबतायत!

"ताई, काय करताय?"

"घाबरू नकोस गं. वर आहे ना सगळं!"

क्लाउडच्या रिसायकल बिनमधून सगळं परत आणेपर्यंत साडेअकरा वाजले. शेवटची फाइल आली तशी ताई म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं? वरच होतं!"

*

सर मुलुंडला एका बेसमेंटमधल्या ऑफिसात प्रेझेंटेशनला गेले. तिथे नेटवर्क शून्य. जागा वाचावी म्हणून फाइली मी फक्त क्लाउडवर ठेवलेल्या, लॅपटॉपवर नुसती नावं! सरांनी जिन्यात येऊन फोन केला. "वृषाली, नावं दिसतायत, पण उघडत एकही नाही!"

माझी वाट लागली. सर मात्र आत गेले आणि एकेक नाव वाचत, हातवारे करत त्यांनी अख्खं ऑफिस नुसतं बोलून उभं केलं. तासाभराने पुन्हा फोन आला. मी आधीच सॉरी म्हणून टाकलं.

"सॉरी कसलं? काम मिळालं! म्हणाले, हल्ली सगळे नुसती चित्रं दाखवतात हो, समजावून कोणी सांगत नाही!"

*

मिलिंद आमचा ड्राफ्ट्समन, मूळचा लातूरकडचा. त्याच्या फोनवरचे फोटो आपोआप साइटच्या फोल्डरमध्ये येतील असं मी लावून दिलं होतं. तो गावी गेला तेव्हा बंद करायला विसरले. बोरिवलीच्या क्लाएंट बाईंना फोल्डरची लिंक गेली. त्यात मिलिंदची आई, तिच्या शेळ्या, घराची निळी भिंत! मिलिंदला कुठे लपू असं झालं.

बाईंचा लगेच फोन. "हॉलचा रंग ठरला!"

"कुठला, मॅडम?"

"तो शेळीच्या मागचा निळा!"

*

आणि हा तर ऐकाच. घाटकोपरहून येताना सर लॅपटॉप रिक्षात विसरले. पासवर्ड? लक्षात राहत नाही म्हणून त्यांनीच काढून टाकलेला! फाइली क्लाउडवर होत्या, पण लोकांच्या घरांचे नकाशे कोणाच्या हातात पडले असतील, या विचाराने सर रडवेले झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओरडलेच. सरांचा लॅपटॉप ऑनलाइन आला होता! त्यांचा डेस्कटॉपही क्लाउडशी सिंक होतो, म्हणून मी इथूनच त्यावर एक फाइल ठेवली. नाव दिलं, 'लॅपटॉप आमचा आहे, कृपया वाचा'. आत ऑफिसचा पत्ता लिहिला आणि विचारलं, "आपण कोण?"

सगळे माझ्या खुर्चीभोवती गोळा झाले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग फाइलवर बदलाची खूण आली!

"अगं, उघड ना!" सुलभाताई.

आत नवीन ओळ होती. "मी रिक्षावाला. मोबाइलचं नेट जोडून तुमचाच पत्ता शोधत होतो. संध्याकाळी आणून देतो."

मिलिंदने शिट्टीच मारली! सर मटकन खुर्चीत बसले. मी थँक्यू लिहून पाठवलं. थोड्या वेळाने खाली आणखी एक ओळ आली.

"पत्त्यासाठी एक नकाशा उघडला. त्यातला बाथरूमचा दरवाजा बेसिनला आपटेल."

सर हसायला लागले. मग थांबले. मिलिंदने ड्रॉइंग उघडून मोजलं, पुन्हा मोजलं.

"सर... आपटतोय."