शेजारच्या घराची किंमत

धाकट्या जावेनं माझ्याआधी घर घेतलं, ते मला कधी पचलंच नाही. मी थोरली, नोकरी मला, दर महिन्याला पगार माझ्या हातात. आणि स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला पाटावर बसली ती. हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. दिरांचं खत-बियाण्याचं दुकान बरं चालायचं. आम्ही मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. रोज सकाळी मी जीपमध्ये कोंबून घेऊन सेनगावकडच्या शाळेवर जायचे आणि संध्याकाळी परतताना तिची गल्ली लागू नये म्हणून लांबचा वळसा घ्यायचे.

बाकी कशाचा तिला एवढा तोरा नव्हता. तिचं एकच वाक्य असायचं, "साडेतीन लाख मोजले, ताई. रोख." बारसं असो, डोहाळजेवण असो, कुणी घराचा विषय काढला की हे यायचंच. 'रोख' म्हणताना ती पदर सारखा करायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढी रक्कम एकदम मोजणं मला जन्मात जमलं नसतं, हे तिला माहीत होतं.

दोनेक वर्षांनी तिच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर विकायला निघालं. तिथं एक काकू एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेल्यावर काकू परभणीला लेकीकडे जायला निघाल्या होत्या. गावात विकाऊ घरं पुष्कळ होती, पण मला हेच हवं होतं. कारण सांगते, लपवण्यासारखं काही नाही. या घराला तिच्या घरापेक्षा एक खोली जास्त होती.

काकूंनी चार लाख सांगितले. मी कमी करा म्हणाले तर त्यांचं उत्तर तयार होतं.

"बाई, तुमच्याच जावंनं साडेतीन मोजले. तिला एक खोली कमी हाय. अन आता तर जिल्हा झालाय."

मी चार कबूल केले, होतं नव्हतं ते गोळा करून इसार दिला आणि उरलेल्यासाठी बँकेत कर्जाचा अर्ज टाकला. बँकेचा माणूस टेप घेऊन आला, गच्चीवर चढला, भिंतींवर टिचक्या मारून गेला. आठवड्यानं साहेबांनी बोलावून सांगितलं की घराची किंमत तीन लाखच धरलीय आणि कर्ज त्याच हिशोबानं मिळेल. वरचे पैसे आमच्याकडे नव्हते. ते उभे राहिले नाहीत तर घर जाणार आणि इसारही बुडणार.

"शेजारचं घर सव्वादोनला गेलंय, मॅडम. रजिस्ट्रीत तसंच आहे. तुमचं चारला कसं धरू?"

मला हसूच आलं. रजिस्ट्रीत खरा आकडा लिहिणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. स्टॅम्पचे पैसे वाचवायला सगळेच कमी दाखवतात. खरी किंमत तोंडी असते आणि सगळे तीच धरतात.

"साहेब, ती माझी जाऊच आहे. साडेतीन मोजलेत तिनं."

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "मग त्यांना घेऊन या. बोलू द्या त्यांना आमच्या माणसाशी. बघू काय करता येतं."

म्हणजे घर हवं असेल तर मला तिच्याच दारात जाऊन मदत मागायची होती. त्यापेक्षा उपास परवडला असता. तरी गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, दुकानात माल उतरून राहिलाय. दुसऱ्यांदा डोकं दुखत होतं. मला पक्कं वाटलं की हिच्या पोटात दुखतंय. आपल्यापेक्षा मोठं घर थोरलीला मिळू नये, एवढंच हिला हवंय. मी तिच्या जागी असते तर मला तेच हवं असतं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती गच्चीवर कुरडया घालत होती. मी उन्हातच उभी राहिले.

"तुला माझं घर होऊ द्यायचं न्हाई ना? तसं सरळ सांग की."

"तसं न्हाई, ताई. सव्वादोनच दिले होते आमी."

"ते कागदावर. खरे किती?"

"कागदावर बी तेवढेच अन हातावर बी तेवढेच. घरमालकाला पोरीच्या लग्नाची घाई होती. बराबर सव्वादोन."

"मग साडेतीन काहून सांगत फिरलीस?"

ती साच्याकडे बघत राहिली. "तुमाला समदे बाई म्हणतात, ताई. शाळंत नमस्कार करतात. मला कोण विचारतंय? एक आकडा तर सांगत होते."

खरं सांगते, मला तिची दया आली नाही. आनंद झाला, निव्वळ आनंद. जिना उतरताना पाय हलके झाले होते. अर्ध्या जिन्यात मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला, की काकूंचे चार लाख निघाले होते ते हिच्या साडेतीनावरून, आणि ते साडेतीन तर कधी नव्हतेच. मी तशीच परत वर गेले.

"हेच आता काकूंना सांग."

"ताई, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

"तू सांगितलंस तर एकट्या काकूंना कळेल. मी सांगितलं तर अख्ख्या गल्लीला कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर आली. इस्त्रीची साडी नेसून, केस चोपून. काकूंच्या ओसरीवर बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे कागदच खरा व्हता?" काकूंनी विचारलं. "मी तर जावयाला चार सांगून बसले."

मी लगेच बोलायला लागले. बँक काय म्हणते, भाव काय चाललेत, प्लास्टर कुठं सुटलंय, सगळं. काकू साडेतीनवर आल्या आणि तिथंच अडून बसल्या. मी जितकं बोलत होते तितकं त्यांचं तोंड वाकडं होत होतं. मग जाऊ हळूच म्हणाली, "काकू, तीन लाख अन वर दहा हजार करा. ताई शेजारी आल्या तर तुमाला हिंगोलीत उतरायला दोन घरं होतील."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि हो म्हणाल्या. एवढे पैसे कर्ज आणि भविष्य निर्वाह निधी मिळून बसत होते. घर माझं झालं, आणि झालं ते तिच्या एका वाक्यानं. त्याचाही मला राग आला. शिवाय घरी येईपर्यंत मनानं नवा हिशोब मांडला होता. इतके दिवस तिनं साडेतीन मोजले म्हणून जळत होते, आता तिला सव्वादोनात मिळालं म्हणून जळायला लागले.

वास्तुशांतीला सगळं घराणं आलं. जेवणं झाल्यावर चुलतसासूबाईंनी छताकडे बघत मला विचारलं, "कितीला पडलं गं?"

जाऊ समोरच चहाचे कप फिरवत होती. तिला सगळं माहीत होतं, आकड्यासकट. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "चार लाख."

ट्रे क्षणभर थांबला. मग तिनं चुलतसासूबाईंच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "एक खोली जास्त हाय ना. चारला तर ताईंना स्वस्तच पडलं."

माझी जीभ चार म्हणतानाही अडखळली होती. ती किती सहज बोलून गेली, याचा मला त्या क्षणीसुद्धा हेवा वाटला.