सुभेदारांच्या घरचं

बिस्किटाचा पुडा दिसला की आमचे आबा आधी चष्मा लावायचे. पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचे आणि जीभ अडखळली की थांबून माझ्याकडे बघायचे. "हे काय हाय गं वैशाली? तुला ठावं हाय?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला ठाऊक असणं भागच होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत पुडा टेबलावर आपटलेला असायचा. "ज्याचं नाव तोंडात बसंना, ते पोटात कशापायी घालायचं?" आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं दुसरं वाक्य, "इकत आणायला आपलं हात मोडल्यात व्हय?"

आबा म्हणजे माझे सासरे. सैन्यातून सुभेदार होऊन परतले आणि कराडजवळच्या आमच्या गावात ऊस बघत राहिले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, पहाटे उठून दाढी. मी सांगलीची. आमच्या घरी पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून यायचा, शेवया पुड्यातून यायच्या आणि त्यात काही पाप आहे असं कुणाला वाटत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा कळलं की या घरात मीठ आणि काडेपेटी सोडली तर सगळं घरीच होतं.

आबांचा उत्साह दांडगा होता. हळद सांगलीच्या पेठेतून स्वतः फोडून, हुंगून आणायचे. मिरची चाखून घ्यायचे. भाकरीचा शाळू कवठे महांकाळकडच्या त्यांच्या पलटणीतल्या मित्राच्या रानातला, तोही पोत्यात हात कोपरापर्यंत घालून बघितलेला. सगळं घेऊन एसटीनं यायचे, पोतं पुढच्या सोप्यात टेकवायचे आणि हाक मारायचे, "आगं, आणलंय बग." पोतं सोप्यात टेकलं की त्यांचं काम संपायचं. तिथून पुढे माझ्या सासूबाईंचं सुरू व्हायचं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. लहान चणीची, कमी बोलणारी बाई. हळद-मिरची वाळवणं, निवडणं, कांदा-लसूण तळून चटणीसाठी मसाला कांडायच्या डंखावर नेणं, कांडताना उडणाऱ्या ठसक्यात उभं राहणं, हे सगळं त्यांचं. शेवया, सांडगे, पापड, कुरडया, रोजचं ताक घुसळणं, नातवंडांसाठी नाचणीचं सत्त्व, तेही त्यांचंच. मी शाळेतून आल्यावर हात लावायचे, पण दिवसभराचं रामायण तोवर आटोपलेलं असायचं.

आता खरं बोलायचं तर ते खाणं अप्रतिम असायचं. आत्यांच्या चटणीवर नुसतं कच्चं तेल घालून भाकरी खाल्ली तरी दुसरं काही लागायचं नाही. म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. खाणं वाईट असतं तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

एकदा माझ्या मुलानं सॉस मागितला. आबा म्हणाले, "त्यात काय अवगड हाय? टोमॅटो, गूळ, मीठ. घरी करू." त्यांचं हे "करू" मला ऐकवायचं नाही. करू म्हणजे कोण करू? दुसऱ्या दिवशी टोमॅटोची पाटी सोप्यात टेकली. आत्या दुपारभर पातेल्यापाशी उभ्या राहून ढवळत होत्या, आणि आबा सोप्यात बसून पोरांना बाजारच्या सॉसबद्दल व्याख्यान देत होते. पाहुणा आला की बशी पुढे सरकवून म्हणायचे, "खावा. आमच्या घरचं हाय." पाहुणा म्हणायचा, "सुभेदार, तुमच्या घरची चवच न्यारी!" आबा मिशीवरून हात फिरवायचे. आत्या आत पाहुण्याच्या चहाचं बघत असायच्या.

मग आत्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटायला लागली. आधी एक, मग दुसरी. कराडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. आबाही आले. डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, मळणं, पिळणं, दाबणं आजपासून बंद. नाहीतर काही महिन्यांनी मूठ मिटायची नाही. आबांनी "येस सर" म्हणून मान हलवली. मला हायसं वाटलं. एसटी स्टँडवर बाकावर टेकलो तोच आबा आभाळाकडे बघून म्हणाले, "ऊन झ्याक पडलंया. कुरडयाचं गहू भिजत घालाय पायजेत आता."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. भर स्टँडवर. "मग तुम्ही घाला ना!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. आबा क्षणभर गांगरले, मग छाती पुढे काढून म्हणाले, "घालतो की. माझं काय हात मोडल्यात व्हय?"

आणि घातले. परसातल्या पिंपात गहू भिजवले, झाकण ठेवलं, रोज पाणी बदलायचं असं आत्यांनी सांगितलं तसं पहिल्या दिवशी बदललंही. पुढच्या सकाळी मी शाळेला निघत होते तर परसातून आरोळी आली. बघते तर आबा नाकाला टॉवेल लावून उभे, पिंप उकिरड्यावर उपडं आणि सगळे गहू मातीत. "नासला! समदा गहू नासला! काय घाण सुटलीया! त्या व्यापाऱ्याला दावतोच आता!"

आत्या हळूहळू चालत आल्या. वाकून डाव्या हातानं मूठभर गहू उचलले, हुंगले.

"नासला न्हवता," त्या म्हणाल्या. "आंबला हुता. कुरडयाला आंबावाच लागतो."

"आसला वास येतोय?"

"आसलाच येतोय. दरसाल."

"मग मला कसा न्हाई आला कवा?"

आत्यांनी गहू खाली टाकले. "आला हुता की. माझ्या हाताला आसायचा. उन्हाळ्यात तुमी म्हणायचा न्हवं, आगं जरा पलीकडं बस म्हणून?"

आबांनी नाकावरचा टॉवेल खाली घेतला. ज्या माणसानं गावभर कुरडया वाटल्या, त्याला भिजलेला गहू कसा असतो हे माहीत नव्हतं. आजवर कुरडयांच्या वेळी परसात ते कधी आलेच नव्हते. त्यांना दिसायच्या त्या थेट गच्चीवर साडीवर वाळत घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा गहू भिजवले. या वेळी पाणी रोज बदललं, वाटून आणले, चीक शिजवला. गुठळ्या झाल्या. सोऱ्या दाबताना त्यांचा खांदा भरून आला. आत्या बाजूला बसून सांगत होत्या आणि न राहवून मध्येच डाव्या हातानं ढवळत होत्या. कुरडया जाडजूड, तपकिरी झाल्या. मला वाटलं, आता तरी पाहुण्यासमोर या माणसाच्या तोंडून बायकोचं नाव निघेल. पाहुणा आला. आबांनी ताट पुढे सरकवलं. "खावा. आमच्या घरचं हाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

बाकीचं मळणं-पिळणं आत्यांचं सुटलं नाहीच, आणि दिवाळीपर्यंत त्यांची मूठ मिटेनाशी झाली. त्यानंतर जेवताना आबा स्वतःच्या ताटाआधी त्यांच्या ताटातली भाकरी मोडून कुस्करून द्यायचे. बघून गलबलून यायचं आणि तितकाच संतापही यायचा. एवढं कळायला त्या बाईचा हात जावा लागला. तो संताप माझा अजून गेलेला नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. सोप्यात पेपर वाचता वाचताच. उत्तरकार्याचं ठरवायला भावकी बसली. माझे चुलतसासरे नाना म्हणाले, "दादाला भायेरचं कवा चाललं न्हाई. तेराव्याचं जेवान समदं घरीच करूया. लाडूबी घरीच वळू. बाया हायती की." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही बायका दारापाशी उभ्या होतो. मी हिशेब मांडायला लागले होते की पुऱ्या कोण लाटेल आणि बुंदी कोण पाडेल.

"आचारी सांगा," आत्या म्हणाल्या.

नानांना वाटलं त्यांना नीट कळलेलं नाही. "वैनी, पर दादाची विच्छा..."

"त्ये हुतं तवर केलं. आता आचारी सांगा. लाडूबी त्येच्याकडनंच." आत्यांचा आवाज चढला नव्हता. "आन् माझ्या घरच्या बाया त्या दिशी चुलीपाशी जायाच्या न्हाईत. पयल्या पंगतीला बसतील."

नानांनी खिशातून फोन काढला.

तेराव्याच्या दिवशी मांडवात आचाऱ्याच्या कढया चढल्या. आत्या पहिल्या पंगतीत बसल्या, मी त्यांच्या डाव्या हाताला. मी त्यांची पुरी मोडून दिली. त्यांनी वांग्याच्या भाजीत बुडवून घास खाल्ला, सावकाश चावला आणि वाढपी पुढे सरकत होता त्याला हाक मारली.

"हिकडं आजून वाढ, गड्या. लय ग्वाड झालंया."