शेवटच्या ओळीतलं नाव

म्युझिक कंपनीच्या बाईंचा फोन दुपारी तीनला आला. संध्याकाळी सहाला अल्बमच्या फाइली बंद होणार, त्यानंतर एक अक्षरही बदलता येणार नाही. मी ‘काही बदल नाही’ म्हणून मोकळा झालो. इतकी वर्षं मोबाइलवर रॅप करून नेटवर टाकणाऱ्या माझ्यासारख्याचा पहिला अल्बम एवढी मोठी कंपनी काढतेय म्हटल्यावर मी कशालाही मान डोलावत होतो.

बाबांना आधी ऐकवायचा म्हणून मुद्दाम रत्नागिरीजवळ गावच्या घरी आलो होतो. बाबा जाखडीतले शाहीर, पक्के तुरेवाले. जाखडी म्हणजे गणपतीतला आमचा नाच-गाण्याचा सामना; त्यात दोन बाजू, शक्ती आणि तुरा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, आणि शेवटच्या ओळीत आपापल्या गुरूचं नाव घ्यायचं. त्या नावावरून गाणं कुणाचं ते कळतं. लोक मला विचारतात, रॅप कुठे शिकलास? बाबांच्या मागे झांजा वाजवत शिकलो, दुसरं कुठे!

अल्बमचं पहिलंच गाणं आईच्या आवाजाने सुरू होतं. ओले काजू सोलताना ती दोन ओळी गुणगुणते, मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. गेल्या उन्हाळ्यात मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. पुढे माझं रॅप, आणि शेवटी रीतीप्रमाणे बाबांच्या गुरूंचं नाव. कंपनीच्या फॉर्मवर ‘मूळ शब्द कोणाचे’ या रकान्यातही तेच नाव लिहून मी सही ठोकली होती. आमच्या घरातलं गाणं, दुसऱ्या कुणाचं असणार?

बाबा मिरजोळ्याच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आले. चहा झाला. ओटीवर मी स्पीकर लावला. कौतुक ऐकायच्या आशेने मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आईचा आवाज ऐकून बाबांच्या कपाळावरची आठी हलली. रॅप सुरू झाल्यावर म्हणाले, “येवडी घाई कसली? गाडी चुकतेय काय?” मी हसलो. मग शेवटची ओळ आली आणि बाबांनी हात पुढे करून स्पीकर बंद केला.

“ह्ये आपलं नाय,” ते म्हणाले. “आपल्या गुरूंचं नाव ह्याच्यावर घातलंस कशाला?”

मला वाटलं थट्टा करताहेत. तेवढ्यात आई दारात आली. काजूचा चीक लागू नये म्हणून लावलेल्या राखेने तिचे हात माखले होते. “माज्या बापाचं हाय त्ये,” ती म्हणाली.

आईचे वडील शक्तीवाले शाहीर होते. ते मी जन्मायच्या आधीच गेले, आणि त्यांचा विषय आमच्या घरात फारसा निघत नसे. पण आईच्या ओळी त्यांच्या असतील हे कधी डोक्यातच आलं नाही, याचा मला भयंकर राग आला, स्वतःचा. दुसऱ्याच्या गाण्यावर आपल्या गुरूंचं नाव घालणं म्हणजे जाखडीत चोरी. येत्या गणपतीत कुणीही भर सामन्यात बाबांना चोर म्हणालं असतं आणि बाबांना खाली मान घालून उतरावं लागलं असतं.

साडेचार झाले होते. मोबाइलला रेंज फक्त घरामागच्या कातळाच्या कडेला, तीनचा फोनही तिथेच आला होता. तिथे जाऊन बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, सहाच्या आत ओळ आणि फॉर्म दुरुस्त करून पाठवा, नाहीतर हे गाणं काढून टाकावं लागेल. अल्बमचं नावच त्या गाण्यावरून होतं.

धावत घरी आलो. “आई, आजोबांच्या गुरूंचं नाव काय?”

आई रडकुंडीला आली. “मना दोनच वळी येतात रे. शेवट येईपर्यंत मी आयच्या मांडीवर झोपलेली असायची.”

पाच वाजून गेले. मामा नाही, आजोळी विचारावं असं कुणी उरलेलं नाही.  मग बाबांनी गुरूचं नाव घेताना लावतात तसा कानाच्या पाळीला हात लावला आणि एक नाव उच्चारलं. शक्तीवाल्यांच्या गुरूचं नाव त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“ह्याच सवालाला मी उत्तर दिलंवतं, तुज्या आजोबांच्या समोर उभं ऱ्हावून,” ते म्हणाले. “आख्खं पाठ हाय.”

“म्हंजी तुमाला म्हायत होतं?” आईने विचारलं. “मी तर तुमची गाडी वाजली की गप व्हायची.”

“म्हायत होतं.”

“मग बोललाव का नाय कदी?”

“बोललो असतो तर तू गायचं सोडलं असतंस.”

आई आत गेली. मी भाताच्या पोत्यांच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन शेवटची ओळ मोबाइलवर पुन्हा म्हटली.  तिसऱ्यांदा जमली. फॉर्मवर आजोबांचं आणि त्यांच्या गुरूंचं नाव घालून कातळावरून पाठवलं, तेव्हा सहाला बारा मिनिटं होती. बाईंचं ‘मिळालं’ आलं, तशी मी घराची वाट धरली.

परतलो तर बाबा ओटीवरच होते. आत आई काजू सोलत होती.

“आज आवाज नाय तो?” बाबांनी विचारलं.

 आईने सुरुवात केली. नेहमीच्या दोन ओळींपाशी येऊन ती थांबली, आणि तिसरी ओळ बाबांनी उचलली.