व्याह्याची बाटली एल्वाच्या वाडग्यात

एल्वा कास्तानेद म्हणजे आमच्या काओर मुलखातला सगळ्यात नम्र माणूस. जगात वाइन एकच, ती त्याची. बाकी सगळा रंगीत पाण्याचा धंदा. एवढंच त्याचं म्हणणं. त्यातल्या त्यात नदीच्या खालच्या अंगाला, बोर्दोला, जे काही पिकतं त्याला तो 'आजाऱ्याचं सरबत' म्हणायचा. बोर्दोवाल्यांच्या आजोबा-पणजोबांनी आमची काळी वाइन नेऊन आपल्या फिकट पिंपांत रंगापुरती ओतली, हा राग तो असा सांगायचा, की जणू काल दुपारीच पिंप नेलंय.

वाइन काळीच. पेल्यापलीकडचा दिवा दिसायचा नाही. घोट घेतला की हिरव्या अक्रोडाची साल चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटायची. गोट्यांच्या माळावर मुळ्यांनी दगड फोडत वाढलेली वेल, ती काय लाडीगोडी लावणार? लेक सोलांज जन्मली त्या सालच्या बाटल्या एल्वानं तळघरात ठेवल्या होत्या, पोरीच्या लग्नात वऱ्हाडाला पाजायला. पंचवीस वर्षांत पोर समजूतदार झाली. वाइन झाली नाही.

आणि पोरीनं नवरा शोधला तो बोर्दोचा. वाइनच्या व्यापाऱ्याचा मुलगा.

लग्नात कुणाची वाइन, हे ठरवायला व्याही दारिये रविवारी जेवायला आले. माझा मळा एल्वाच्या बांधाला लागून, म्हणून मलाही बोलावणं. भांडण झालं तर साक्षीला माणूस हवाच.

दारियेंनी बाळ उचलावं तशी एक धुळकट बाटली टेबलावर ठेवली, बूच काढलं. "आजोबांच्या हातची आहे. उघडून जरा वेळ ठेवायची, मग सावकाश वास घ्यायचा."

"वास फुलाचा घ्यावा," एल्वा म्हणाला. "हितं पित्यात."

"बाबा!" सोलांजनं डोळे वटारले.

एल्वाची बायको ईव्हेत हिनं सूप वाढलं. कोबी, घेवडा, बदकाची चरबी, तळाला शिळा पाव. मग बोलणं गारपिटीवर आलं, आणि गारपिटीवर एल्वाला ऐकणारं माणूस मिळालं की तो देवळातल्या पाद्र्यासारखा थांबत नाही. बोलता बोलता सूप तळाला आलं. आता वाडग्यात दोन घोट कढत रस्सा उरला की आमच्याकडचा माणूस काय करतो, ते सांगायला नको. हात आपोआप बाटलीकडे जातो, वाडग्यात वाइन पडते, वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लागतो.

एल्वाचा हात गेला तो जवळच्या बाटलीकडे. भरभरून ओतली, कोबीच्या पानासकट गटागटा प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "ईव्हेत, आज काळी लई पातळ लागतीया गं. पाणी घातलंस का काय?"

दारियेंनी बाटली उचलून उजेडात धरली.

"बाबा," सोलांज म्हणाली, "ती ह्यांची बाटली हुती."

"ही बाटली," दारिये एकेक शब्द मोजत म्हणाले, "मी माझ्या सख्ख्या भावाला दिली नव्हती."

"अवो, दोन शब्द बोला की तोंडातनं!" ईव्हेतनं नवऱ्याला कोपर मारलं.

"काय बोलू? वाडग्यातनं परत बाटलीत भरू व्हय?"

दारिये उठले. टोपी हातात घेतली. पोरीचं लग्न दाराबाहेर निघालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात सोलांजनं बापानं चवीला काढून ठेवलेली, तिच्या जन्मसालची बाटली उघडली आणि दारियेंच्या वाडग्यात उरलेल्या रश्श्यावर काठोकाठ ओतली.

"मामंजी, त्यांनी तुमची सुपात घातली. तुम्ही त्यांची सुपात घ्या. फिटंफाट."

बोर्दोचा माणूस शिष्टाचारापायी मरेल, पण सुनेचा वाडगा परत करणार नाही. प्याले. डोळ्यांत पाणी आलं. मग भुवया वर गेल्या. मग पुन्हा एक घोट.

"सुपात..." ते म्हणाले, "सुपात चालेल."

"चालंल?" एल्वा उसळला.

"बाबा, गप!"

ठरलं. लग्नात सुपाबरोबर एल्वाची, भाजलेल्या मांसाबरोबर दारियेंची. दारिये खूश, मान त्यांच्या वाइनला. एल्वा वाद न घालता हो म्हणाला, तेव्हाच मला शंका आली होती.

लग्न भर जुलैत. ऊन असं की दगड तडकावेत. एल्वानं दारातच सुपाचं पातेलं मांडलं आणि बाटल्या घेऊन शेजारी बसला. सूप प्याल्याशिवाय कुणाला आत सोडेना. "पाव्हनं, आमच्याकडची रीत हाय," म्हणत बोर्दोच्या एकेका चुलत्याला, आत्याला, मावशीला काळी ओतलेले दोन-दोन वाडगे पाजले.

दारियेंची नाजूक वाइन मांसाबरोबर आली खरी. तोवर कुणाची जीभ जागेवर नव्हती. "पाणी जरा चांगलं आहे हे," एक आत्याबाई म्हणाल्या.

लग्नाच्या फोटोत बोर्दोकडचं एकही माणूस हसत नाही. ईव्हेतला वाटतं, रुसले. रुसले कसले! दात काळे झाले होते.