वाकडं जुळलेलं मनगट

"मालयुनियन," डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणाले. म्हणजे मोडलेलं हाड जुळून आलंय, पण वाकडं.

मी म्हटलं, "पण मी तर परवा पडले. एवढ्यात जुळलं?"

"हे परवाचं नाही, ताई. निदान तीसेक वर्षं जुनं आहे."

मग आठवलं. शाळेत असताना चिंचेवरून पडले होते. आईनं हळदीचा लेप लावून फडक्यानं हात बांधला. महिन्याभरात सूज उतरली, विषय संपला. पुढं मी मागावर बसले. येवल्यात त्याच हातानं पैठणी विणतेय, सव्वीस वर्षं झाली.

आता एसटीतून उतरताना घसरले आणि सगळा भार त्याच डाव्या हातावर आला. वाटीसुद्धा उचलेना, म्हणून मुलगी सायली मला नाशिकला घेऊन आली.

डॉक्टरांनी 'ऑस्टिओटॉमी' सुचवली. म्हणजे हाड कापून सरळ करायचं आणि प्लेट-स्क्रूनं बसवायचं. सायली म्हणाली, "आई, करूनच टाकू. एकदाचं सरळ होईल."

तो फोटो बघून मलाही तसंच वाटलं. पण मागावर साडी अर्धी होती. नंतर बोटं पहिल्यासारखी चालतील का, ही धास्ती होती.

त्या आठवड्यात मी सारखी माझ्या हाताकडेच बघत होते. नळ सोडताना, वेणी घालताना. मनगट जिथं वळत नाही, तिथं माझं कोपर आपोआप बाहेर जातं. हे मला कुणी शिकवलं? कधी?

दुसरं मत घ्यायला आम्ही एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे गेलो. दोन तास बाकावर बसलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला.

"पडायच्या आधी या हातानं काय जमत नव्हतं?"

मी बराच विचार केला. "सगळंच जमत होतं."

"काम काय करता?" मी सांगितलं. "मग दाखवा."

मी पदराच्या गोंड्यातले दोन धागे घेऊन, मागावर तुटलेला धागा जोडतो तशी गाठ मारली. दुखत होतं, तरी बसली. बाई वाकून बघत राहिल्या. "पुन्हा," म्हणाल्या. मग त्यांनी बोटं दाबून पाहिली, हात फिरवून पाहिला.

"हाड वाकडं आहे, पण हातानं त्याच्याशी जमवून घेतलंय. आत्ताचं दुखणं मुरगळल्याचं आहे. ते बरं करू. जुन्याला हात लावायला मला कारण दिसत नाही."

"पुढं त्रास झाला तर?" सायलीनं विचारलं.

"बोटं बधिर झाली, पकड सुटायला लागली तर लगेच या. तेव्हा ऑपरेशनचा विचार करू. नुसता फोटो चांगला दिसावा म्हणून नको."

तीन आठवडे पट्टा, मग कोमट पाण्यात व्यायाम. पाचव्या आठवड्यात मागावर बसले. सुरुवातीला दिवसाला दोन बोटं रुंदीचं कापडसुद्धा विणून होत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. जुनं मोडलेलं त्यांनीच शोधून दाखवलं. तुमच्याही रिपोर्टात असं काही निघालं तर लपवू नका, घाबरूही नका. याचा मला आज काय त्रास आहे, एवढं आधी विचारा.

साडी मागावरून उतरली त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोन केला. दुखतंय का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

"मग आता येऊ नका," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून इतका गोड निरोप मला कधी मिळाला नव्हता.