तारेला ओवलेली पत्रं

लिहिणारा खरा की वाचून दाखवणारा? सांगा, तुमचा कोणावर विश्वास? पनवेलला आमच्या किराणा दुकानात तासभर बसलात, तर एवढ्या लगेच उत्तर देणार नाही. साखरेच्या पोत्याखाली मुंग्या जमतात तसे इथे किस्से जमतात. बोलावत कोणीच नाही!

आसपासच्या गावांची पत्रं आमच्या दुकानाच्या पत्त्यावर यायची. लोक बाजाराला आले की माझे वडील, आबा, ती वाचून दाखवायचे. ऐकून झालं की लोक म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, घरी उंदीर खातील." मग आबा ती तारेला ओवायचे. आता आबा नाहीत. पत्रं मी सोडवून फोल्डरला लावतोय.

\*

कॉलेजच्या एक मॅडम ती बघायला आल्या. प्रत्येक पत्राला मधोमध भोक. भिंग लावून म्हणाल्या, "ही कुठली कीड?"

"कीड नाही मॅडम, फायलिंग!"

\*

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. एका बाईंना तसं कार्ड आलं. दुकानातच रडारड. शेजारचेही येऊन रडले. मग आबांनी वाचलं: "आंबे पाठवले आहेत. कोपरा शेळीने खाल्ला, काळजी नसावी."

आंबे येईपर्यंत त्या बाई आबांशी बोलल्या नाहीत.

\*

समोरचे कापडवाले रशीदभाई. त्यांच्या भावाचं दुबईहून पत्र आलं होतं, चार पानी. पैकी साडेतीन पानं नुसते सलाम, नावानिशी! मामूंनी ते तारेला ओवल्यावर वाचलं, त्यात त्यांचं नाव दिसलं नाही, म्हणून त्यांनी बोलणं टाकलेलं. परवा मी ते पत्र उजेडात धरलं. चौथ्या पानावर तार नेमकी मामूंच्या नावातून गेली होती!

रशीदभाई धावत मामूंकडे गेले. मामूंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पहले पान पे क्यूं नहीं?"

\*

आणि आपटा गावच्या सोनूबाई. ऐंशीच्या घरातल्या. नवरा बोटीवर खलाशी होता, तिकडेच वारला. त्याचं एकच पत्र उरलंय, तेही आमच्या तारेवर; बाजाराला आल्या की आबा त्यांना ते पुन्हा वाचून दाखवायचे. मॅडमना ते कॉलेजच्या संग्रहाला हवं होतं.

सोनूबाई म्हणाल्या, "नेऊ दे. पन आदी एकदा शेवटची ओळ वाच, शेट. त्यात त्यानं माजी आठवन काडली हाय. तेवढीच हाय माज्याजवल."

त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले.

मी कागद बघितला. शेवटची ओळ होती: "पावसाआधी कौलं परतून घे. बाकी ठीक."

पुढे कोरं. मागे पलटून बघितलं, तिथेही कोरं.

मी घसा खाकरला. "पावसाआधी कौलं परतून घे. तुझी फार आठवण येते. इथे चारी बाजूंनी समुद्र आहे, पण आपल्या खाडीचा वास नाही."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या.

सोनूबाईंनी डोळे उघडले. "ए बाय, थांब जरा," त्या मॅडमना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शेट, तिला हिशेब खरा लिवून दे. कौलं माज्या नवऱ्याची. आठवन तुज्या बापाची. समुद्र तुजा."